आज्जीचं स्टेटस आणि २१२ व्ह्यूज : फोन आपल्या भावनांचं काय करतो?

हा भाग रेकॉर्ड करताना मी दोन वेळा मध्येच थांबलो होतो, ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात आलंच असेल. कारण पुढं कळेलच. ज्यांना बसमध्ये, मेसमध्ये किंवा तासाला मागच्या बाकावर ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललोय तसंच आहे.

मागच्या फेब्रुवारीत माझी आज्जी गेली. पहाटे पावणेपाचला पप्पांचा फोन आला, मी पुण्यात. स्वारगेटवरून मिळाली ती गाडी पकडली. सातारा, कराड, विटा आणि मग तासगाव. माझ्यासाठी माती दुपारपर्यंत थांबवली होती. म्हणजे माझ्या हातात जवळजवळ सहा तास होते, खिडकीची सीट होती आणि शेजारचा माणूस झोपलेला होता. आज्जीची आठवण काढायला याहून चांगली जागा नव्हती.

मी सहा तास रील्स बघितले.

खोटं कशाला बोलू? साताऱ्याच्या आसपास आज्जीचा फोटो स्टेटसला टाकला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली अंत्यविधीची वेळ. मग दर पाच-दहा मिनिटांनी ते डोळ्याचं चिन्ह दाबून किती जणांनी बघितलं ते बघत बसलो. कराडला चाळीसच्या पुढं, विट्याला नव्वद. रात्री झोपताना २१२. हा आकडा मला अजून पाठ आहे. आज्जीला शेवटचं कधी भेटलो ती तारीख मात्र कॅलेंडर उघडून शोधावी लागली.

मातीला उभा राहिलो तेव्हा रडू आलं नाही. सगळे म्हणाले, पोरगं खंबीर आहे. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि संध्याकाळी माझा चुलतभाऊ, वय १९, गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसला. काका बेदाण्याच्या शेडवर गेले होते, कारण रॅकवर टाकलेला माल कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला काय वाटतच नाही बघ. आज्जीनं मला वाढवलंय. माझ्यात काय बिघडलंय का?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझाही तोच प्रश्न होता. त्यानंतर बरेच महिने मी जे वाचत राहिलो त्यातून हा भाग तयार झालाय. मी डॉक्टर नाही, बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला माणूस आहे. पण यातली एक बाजू मला आतून माहीत आहे. ती पुढं सांगतो.

आधी मेंदू. कानाच्या वरच्या बाजूला, आत खोलवर, दोन्हीकडं एकेक बदामाएवढा भाग असतो. त्याचं नाव अमिग्डला, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थच बदाम. काही महत्त्वाचं घडलं, विशेषतः भीतीचं किंवा धक्क्याचं, की हा भाग घंटा वाजवतो. छाती धडधडते, पोटात गोळा येतो. इथपर्यंतचं काम क्षणात होतं. पण घंटा वाजली म्हणजे भावना समजली असं नाही. 'हे नेमकं काय झालं, माझ्यासाठी त्याचा अर्थ काय, आता मी काय करू' हे काम कपाळामागचा भाग करतो, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. हा भाग संथ आहे. वर, तो पूर्ण तयार व्हायला वयाची विशीतली बरीच वर्षं जातात. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी घंटा पूर्ण आवाजात वाजते आणि ती ऐकून निवांत विचार करणारा अजून घडतोय.

या दोघांच्या मध्ये फोन येतो.

धक्का बसल्यावर लक्ष दुसरीकडं नेणं यात वाईट काही नाही. इस्रायलचे गॅल शेपेस आणि अमेरिकेतले जेम्स ग्रॉस यांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की भावना फार तीव्र असली की माणसं लक्ष वळवण्याचा मार्ग निवडतात, आणि ती सौम्य असली की तिचा नव्यानं अर्थ लावायचा मार्ग निवडतात. सहा तासांच्या प्रवासातला पहिला अर्धा तास मी रील्स बघितले असते तर त्यात नवल काहीच नव्हतं. पण लक्ष वळवलं की भावना संपत नाही, नुसती पुढं ढकलली जाते. शेतातली माणसं पाणी पाजायचं राहिलं तर दुसऱ्या पाळीला पाजतात. मी पाळी येऊच दिली नाही.

का येऊ दिली नाही, याचं उत्तर डोपामिनमध्ये आहे, पण व्हॉट्सॲपवर फिरतं त्या अर्थानं नव्हे. 'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' हे वाक्य जरा बाजूला ठेवा. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटायच्या. रसाच्या आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तर काही दिवसांनी पेशी रसाला नव्हे, त्या खुणेलाच पेटायला लागल्या. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर नेमक्या त्या वेळेला त्यांचं काम मंदावायचं. म्हणजे ही पेशी हिशेबनीस आहे. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, एवढंच ती मांडते. स्टेटसवरचं ते डोळ्याचं चिन्ह ही खूण आहे. आत ४३ निघतील की ५०, माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच परत दाबायचं.

आता माझी बाजू. आधीच्या एका कंपनीत मी खरेदीच्या ॲपसाठी नोटिफिकेशन पाठवणारा भाग लिहायचो. कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत पाठवलं की माणूस ॲप उघडतो, हे दोन गट करून तपासायचो. रात्री साडेनऊला पाठवलं की जास्त उघडतात, 'तुमच्यासाठी' हा शब्द टाकला की आणखी थोडे. आम्ही कुणी दुष्ट नव्हतो. दुपारी डबा एकत्र खायचो, मुलांच्या ॲडमिशनच्या गप्पा मारायचो. पण आमच्या डेटाबेसमध्ये वय होतं, गाव होतं, शेवटचं कधी उघडलं ते होतं, आणि 'याच्या घरी आज काय झालंय' असा कॉलम नव्हता. असता, तर तो आम्ही कशासाठी वापरला असता याचाही मला आता नीट भरवसा नाही.

ज्या दोन गोष्टींनी आपल्याला धरून ठेवलंय त्या आमच्यासारख्याच माणसांनी केल्यात. बोटानं खाली ओढून ताजं करायची युक्ती लोरेन ब्रिक्टरनं ट्विटरच्या एका ॲपसाठी केली. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये आझा रास्किननं बनवलं, आणि पुढं त्याबद्दल खेद झाल्याचं त्यानं जाहीरपणे सांगितलं. पुस्तकाचं पान संपतं, पेपर संपतो, आणि संपल्यावर माणूस क्षणभर मान वर करतो. त्या क्षणात बऱ्याच गोष्टी होत असाव्यात. आम्ही तो काढून टाकला.

रिकामं बसल्यावर मेंदू बंद नसतो, हे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ज्याला नाव दिलं ते 'डिफॉल्ट मोड' जाळं नेमकं तेव्हा जास्त चालतं, जेव्हा समोर काही काम नसतं. जुन्या आठवणी, स्वतःबद्दलचे विचार, दुसऱ्याच्या मनात काय असेल, असली कामं त्याच्याशी जोडलेली आहेत. एसटीच्या खिडकीतून उसाची शेतं बघत बसणं हे या जाळ्याचं ऑफिस अवर्स. त्या दिवशी मी ऑफिसच उघडलं नाही. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, कुणी माझ्या डोक्याचा फोटो काढलेला नाही.

ज्यांच्या डोक्याचे खरोखर फोटो काढले त्यांच्याबद्दल सांगतो. २०१६ मध्ये लॉरेन शर्मन आणि त्यांच्या टीमनं लॉस एंजेलिसला १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले. त्यात मुलांचे स्वतःचे फोटोही होते. लाइक्सचे आकडे टीमनं स्वतः ठरवले होते, मुलांना वाटलं ते खरे आहेत. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की बक्षिसाशी संबंधित भाग, न्यूक्लियस अकंबन्स, जास्त पेटला. दुसऱ्याच्या फोटोलाही जास्त लाइक असले तर मुलं स्वतः लाइक द्यायला जास्त तयार झाली. फोटो तोच, फक्त आकडा बदललेला.

दुसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो खेड्यातल्या मुलांवरचा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रामीण भागात १६९ शाळकरी मुलांच्या मेंदूचं तीन वर्षं दरवर्षी स्कॅनिंग झालं. निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये आला. बाराव्या वर्षाच्या आसपास जी मुलं दिवसाला १५ पेक्षा जास्त वेळा सोशल मीडिया चेक करायची, त्यांचा मेंदू 'आता लोक माझ्याबद्दल काय म्हणतील' या वाट बघण्याला पुढच्या वर्षांत अधिकाधिक संवेदनशील होत गेला. त्यात अमिग्डलाही आलाच. कमी चेक करणाऱ्यांमध्ये उलटं झालं. चेक केल्यामुळं मेंदू असा झाला की मुळात असा मेंदू असणारी मुलंच जास्त चेक करतात, हे यावरून ठरत नाही, असं संशोधकांनीही स्पष्ट सांगितलंय. पण पंधरा वेळा! मी कराडला पोचायच्या आधीच तेवढं केलं होतं.

उगाच घाबरवत नाही, दुसरी बाजूही सांगतो. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या बऱ्या-वाईट मनःस्थितीतल्या फरकापैकी स्क्रीनच्या वापरानं फार तर ०.४ टक्का स्पष्ट होतो, असं निघालं. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला. त्यामुळं 'मोबाइलनं पिढी वाया गेली' असं कट्ट्यावर कुणी म्हणालं की मला बटाटा आठवतो. तरी सरासरी ही सरासरीच असते. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहाच मिनिटं, दुसरा गट नेहमीसारखा. तीन आठवड्यांनी पहिल्या गटात एकटेपणा आणि उदासी कमी झाली. ज्यांना आधीच उदास वाटत होतं त्यांना फायदा जास्त दिसला. म्हणजे सगळ्यांना सारखं लागत नाही. माझ्या भावाला लागतं. मलाही.

आता आमच्या घरातली गोष्ट, जिच्यासाठी मी हा भाग केला.

कुणी गेलं की आपल्याकडं माणसं बसायला येतात, तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा मला त्याचा वैताग आला होता. प्रत्येक जण येणार, चटईवर टेकणार आणि तोच प्रश्न, "कसं झालं वो?" मग आत्ती पहिल्यापासून सांगणार. रात्री दूधभात खाल्ला, अकराला म्हणाली छातीत भरून आलंय, पाणी मागितलं, माझा हात धरला. हे मी दहा दिवसांत निदान तीस-चाळीस वेळा ऐकलं असेल. मला वाटायचं, या बाईला किती त्रास देतात.

नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की गोष्ट तीच राहत नाहीये. पहिल्या दिवशी आत्ती 'पाणी मागितलं' इथं येऊन कोसळायची, पुढचं वाक्यच यायचं नाही. चौथ्या दिवशी ती 'मी हात धरला' इथपर्यंत पोचली. सातव्या-आठव्या दिवशी त्यात नवीन वाक्य आलं, "मला भ्या वाटलं, पण तिला वाटत नव्हतं." दहाव्याला ती तेच सांगताना मध्येच हसली, कारण आज्जीनं त्या अवस्थेतही दुधाचं पातेलं झाकायला सांगितलं होतं.

लॉस एंजेलिसच्या मॅथ्यू लिबरमन यांचा २००७ चा एक प्रयोग आहे. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. काहींच्या वेळी नुसता चेहरा बघायचा, काहींच्या वेळी त्या भावनेला शब्द द्यायचा : राग, भीती. शब्द दिला की अमिग्डलाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या उजव्या भागाची वाढली. एवढंच. भावनेचं नाव घेतलं की घंटेचा आवाज थोडा खाली येतो. लिबरमनना तासगावची चटई माहीत असायचं कारण नाही, पण आत्तीनं तेरा दिवस दुसरं काय केलं? चाळीस वेळा नाव घेतलं, प्रत्येक वेळी समोर एक माणूस होता, आणि त्याला परत 'पुढं?' असं विचारायची घाई होती.

माझं स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं गेलं. त्यावर १८ जणांनी हात जोडलेला इमोजी पाठवला, मी १८ जणांना तोच परत पाठवला. त्यात एकही शब्द नव्हता. लोकांचं चुकलं असं नाही, मीही दुसऱ्यांना तेच पाठवतो. पण मी शोक केला असं मला वाटत राहिलं, कारण आकडा वाढत होता. मला हेच धोकादायक वाटतं. काहीतरी केल्याचं समाधान फोन देतो आणि केलेलं काहीच नसतं.

भावाला मी हे सगळं एकदम सांगितलं नाही. त्याला एका गावाबद्दल सांगितलं. आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, वस्ती साधारण तीन हजारांची. कोरोनाच्या काळात पोरांच्या हातात अभ्यासासाठी मोबाइल गेला, शाळा सुरू झाल्यावरही तो सुटेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते आणि गावानं मिळून २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यास करतील, मोठी माणसं वाचतील, बोलतील. सुरुवातीला लोक हसले. मग आशा ताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगायला लागले. देशभरच्या आणि परदेशातल्या वाहिन्यांनी ही बातमी केली.

तो भोंगा अभ्यासासाठी होता, दुःखासाठी नव्हे, हे मला मान्य आहे. तरी मला त्यातली अभियांत्रिकी आवडते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलच नको असा ठराव केला. हेतू चांगला, पण बंदी पोरांवरच, आणि बाप ओट्यावर रील्स बघणार. वडगावच्या भोंग्याला वय कळत नाही. सगळे एकदम थांबतात, म्हणून 'मी ऑफलाइन गेलो तर माझं काय चुकेल' ही भीती राहत नाही, कारण चुकण्यासारखं कुणी काही करतच नसतं. आम्ही न संपणारं स्क्रोल बनवलं. त्यांनी दिवसाला परत एक पान संपणारी जागा करून दिली.

आमच्या घरात भोंगा नाही. आत्तीनं तेराव्यापर्यंत सात वाजता सगळ्यांचे फोन गोळा करून दुरडीत टाकायचं ठरवलं. विज्ञान वगैरे काही नाही, "घरात माणसं बसल्यात आणि तुम्ही माना घालून," एवढंच कारण. पहिल्या दिवशी माझा हात दर दोन मिनिटांनी खिशाकडं जात होता. तिसऱ्या दिवशी भावाला कुणीतरी पाव्हण्यानं सहज विचारलं, "तुझी लाडकी व्हती की रं आज्जी?" तो "हो" म्हणाला, आणि मग आज्जी त्याला शाळेत सोडायला यायची तेव्हा काय व्हायचं ते सांगायला लागला. ती फाटकाबाहेर थांबायची, मधल्या सुट्टीपर्यंत, तो रडला तर कळावं म्हणून. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सांगता सांगता तो रडायला लागला, आणि मग मी. रेकॉर्डिंग दोनदा थांबलं ते इथं.

रात्री गच्चीवर त्याला म्हटलं, "बिघडलेलं न्हाई काय."

"मग आधी का न्हाई आलं?"

"वेळच दिला नव्हतास की. मीपण."

आता काय करतो ते थोडक्यात. घरातून फोन आला आणि बातमी वाईट असेल, तर प्रवासात डेटा बंद, फक्त कॉल चालू. स्टेटस टाकायचंच असेल तर 'रीड रिसीट' आधी बंद करतो, म्हणजे किती जणांनी बघितलं तेच कळत नाही. आणि कुणाच्या घरी असं काही झालं की इमोजीऐवजी फोन करून विचारतो, कसं झालं? पहिल्या वेळी अवघड जातं. समोरचा माणूस बोलायला लागला की आपण फक्त ऐकायचं.

एक महत्त्वाचं. काही न वाटणं किंवा फार वाटणं आठवडेच्या आठवडे चाललं, झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर दुरडी पुरणार नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, कुठल्याही वेळी लावा, मराठीत बोलता येतं. फोनच्या वापराचाच त्रास असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून 'शट' नावाचं खास क्लिनिक चालतं. आपल्यासारखीच विशीतली माणसं तिथं जातात, लाजायचं काही नाही.

भावाला हा भाग ऐकवला आणि त्याच्या परवानगीनंच टाकतोय. त्याची एकच अट होती, तो रडला ते ठेव पण त्याचं नाव नको. चला, पुढच्या भागात भेटू. संध्याकाळी सातच्या आत ऐकत असाल तर उत्तमच.